नत्थुभाऊची जीप अन् माही चिंधी

"गंगूबाई, पाणी!"

बावीस वर्षं झाले, सकाळी सहा वाजता मी हेच ऐकून राहिली. ना रामराम, ना बरी हाये का. मी पाणी शिंपडलेल्या भाजीच्या टोपल्या घेऊन चांदोळ्याच्या फाट्यावर पोचली का नत्थुभाऊ जीपीतून उतरत, टोपलीच्या बुडावरून एक बोट फिरवत अन् ते बोट जिभेले लावत. मंग तोंड असं वाकडं करत, जसा म्या त्याईले कडुनिंबाचा पाला चारला.

"खारं," म्हणत. "हापशीचंच हाये."

"त काय गंगेचं आणू?" मी म्हणायची. "बसू द्या आता. दर्यापूरचं गिऱ्हाईक तुमच्या जिभेसाठी थांबत नाही."

बाहेरच्या माणसाले वाटन का हा बुढा सनकी हाये. सनकी त होतेच. पण आमच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाले हे सांगा लागत नाही. अथी जमिनीत कुठंही खोदा, पाणी लागते, पण मिठाचं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाले फेस येत नाही अन् बादलीची कडी दोन वर्षांत गळून हातात येते. माणूस ते पिऊन कसंतरी जगते. लोखंड जगत नाही. अन् नत्थुभाऊची सारी जिंदगी एका लोखंडाच्या गाडीवर होती.

ती जीप त्याईनं जंगल खात्याच्या लिलावातून घेतली. मेळघाटात साहेब लोकं फिरवून फिरवून टाकून देलेली, चारही चाकं ओढणारी, पण बुडातून चाळणी झालेली. लोकं हसले. पार्वताबाई, त्याईची बायको, ती त दोन दिवस बोलली नाही. नत्थुभाऊनं शेती धाकट्या भावाच्या हवाली केली अन् तीन महिने त्या जीपीखाली बारदान्यावर उताणे पडून राहिले. बाहेर निघाले तवा जीप चांदोळा ते दर्यापूर सवारी नेऊ लागली. तवापासून त्या जीपीनं बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले, वर्षातून एकदा पार्वताबाईले अन् तिच्या भजनातल्या बायाईले रिद्धपूरले दंडवत घालायले नेलं. अन् रोज मले नेलं, माह्या मेथी-सांबारासकट. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर.

मी मागच्या डाव्या कोपऱ्यात बसायची. ती माहीच जागा. दुसरं कोणी बसलं त मी नुसती पाहायची, मंग ते उठे.

आता त्याईचं गाडीचं करणं सांगतो, कारण ते पाहायले लोकं यायचे. अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली का नत्थुभाऊ आठ दिवस सवारी बंद ठेवत. दर्यापूरहून नळाचं गोडं पाणी कॅनात भरून आणत अन् फक्त त्याच पाण्यानं गाडी धूत. पार्वताबाई म्हणायची, "अवो, मले हापशीच्या पाण्यानं आंघोळ अन् माह्या सवतीले नळाचं!" तरी कॅन उतरवायले तीच पुढं राहायची.

धुणं झालं का कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीची काडी घेऊन गाडीखाली. आमची काळी माती तुमाले माहीत नसन त सांगतो, ती चाकाले लागली का सोडत नाही. चेसिसच्या पोकळीत जाऊन बसते, वरून वाळते, आतून महिनाभर ओली राहते. पत्रा तिथूनच सडते. नत्थुभाऊ काडीनं कोरून कोरून ती माती काढत, जसं माय लेकराच्या कानातला मळ काढते. लोखंडी सळाख कधी नाही लावली. सळाखीनं रंग खरचटते म्हणत, पऱ्हाटी नरम हाये. मंग वायर ब्रश मारून पत्रा चमकेपर्यंत घासायचा, लाल प्रायमर, काळा रंग, अन् सगळ्यात शेवटी त्याईचं औषध: जळकं ऑइल अन् मेण चुलीवर एकत्र वितळवायचं अन् गरम गरम बुडाले फासायचं. त्या दिवशी अर्ध्या गावात त्याचा वास. मले तो वास आवडे. सांगितलं मात्र कधी नाही.

अन् भोकं. बुडाच्या पत्र्याले त्याईनं चौदा भोकं ठेवले होते, आठाण्याएवढे. "पाणी आत येतेच," म्हणत. "त्याले बाहेर जायले जागा पाह्यजे." दरसाल चौदाही भोकात काडी फिरवत, मोठ्यानं मोजत, शाळेतल्या पोट्ट्यावाणी. एक, दोन, तीन.

पावसाळ्यात ते डांबरी सोडून खाली उतरत नसत. कोणी आजारी असलं, अडलेली बाई असली, तवाच चिखलात गाडी घालत. "मंग काय चार चाकं ओढते म्हणून मिरवता?" मी म्हणायची. "तुमची जीप त नव्या नवरीहून नाजूक!" ते फक्त आरशात पाहत.

आता माह्या पापाचं सांगतो.

त्या चौदातले दोन भोकं माह्या पायाखाली होते. डांबरी उखडलेली, कडेनं सारा फुफाटा. खालून धूळ येई अन् माह्या मेथीवर बसे. गिऱ्हाईक जुडी झटकून म्हणे, "बाई, मेथी विकून राहिली का माती?" अन् हिवाळ्यात त्या भोकातून असा वारा येई का पाय बधिर होत. पाच वर्षांआधी, पौष महिन्यात, म्या माह्या जुन्या हिरव्या पातळाचा तुकडा फाडला, पिवळ्या ठिपक्याचं ते, अन् दोन्ही भोकात बोटानं दाबून दाबून बसवला. वरून रबराचं पायपुसणं ओढलं. धूळ बंद, वारा बंद. मी खूश.

नत्थुभाऊले तवा काही दिसत नव्हतं. पार्वताबाई अकोल्याच्या दवाखान्यात होती. चैत्रात ती गेली. आखाजीले त्याईनं गाडी काढली, पण एकाच दिवशी वरवर पाणी मारलं अन् काळं औषध फासून मोकळे झाले. मोजल्याचा आवाज आला नाही. माही चिंधी त्या मेणाखाली गेली अन् पत्र्यासारखीच काळी झाली. तिथं भोक होतं हे त्याईले आठवलं नाही, अन् मलेही. वरून माह्या टोपल्याचं खारं पाणी रोज गळत राह्यलं. जायले जागा म्याच बंद केलती.

त्याईचा पोरगा कुलदीप. अकोल्यात जठारपेठेत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पोरगा गुणाचा हाये, उगाच खोटं काहून बोलू. दर पंधरा दिवसाले यायचा, डबे आणायचा, बापाच्या गोळ्या पाहायचा. त्याचं एकच म्हणणं होतं: "बाबा, एकाहत्तर झाले तुमाले. गाडी विका, माह्यासंगं चाला." नत्थुभाऊ नाही म्हणत. गेल्या दिवाळीत दोघाईचं चांगलंच जुंपलं. मी तिथं फराळाले गेलती. नत्थुभाऊ ताटावरून उठले अन् म्हणाले, "ज्या दिवशी या गाडीत मले न दिसलेलं भोक सापडन, त्या दिवशी चाबी तुह्या हातात देतो अन् अकोल्याले येतो. पण तोवर हा विषय बंद."

कुलदीप म्हणाला, "बोललं ते पाळा बरं."

"तुह्या बापानं कधी मोडलं?"

यंदाच्या श्रावणात गाडीची पासिंग आली. गुरुवारी अमरावतीले न्यायची होती. सरकारी माणूस सारं तपासते, बुडाले हातोडी ठोकून पाहते, म्हणून नत्थुभाऊ आधी सोताच ठोकून पाहत. तो रविवार होता. कुलदीप आलता. मी उरलेली भेंडी द्यायले गेली अन् ओट्यावर बसली.

नत्थुभाऊ गाडीखाली. हातोडी लहानशी, सोनाराच्या हातोडीएवढी. ठण. ठण. ठण. समोरून मागं येऊन राहिले. कुलदीप मोबाईलमधी पाहून राहिला होता. ठण. ठण.

भद्द.

हातोडी थांबली. कुलदीपनं मान वर केली. परत एकदा, हळूच. भद्द. माह्या डाव्या कोपऱ्याखाली.

नत्थुभाऊ खालून निघाले, मागून चढले, पायपुसणं बाजूले केलं अन् स्क्रू पिळायच्या पेचकसाचं टोक टेकवलं. दाबलंही नाही हो, नुसतं टेकवलं. ते दांड्यापर्यंत आत गेलं. गंजाचे पापुद्रे निघाले, शिळ्या पापडावाणी. अन् त्या पापुद्र्याच्या आत काहीतरी लोंबून राह्यलं होतं, काळं, ओलं. त्याईनं ते ओढून काढलं, अंगठ्यानं मेण खरडलं. हिरवं. पिवळे ठिपके.

नत्थुभाऊनं माह्याकडं पाह्यलं. म्या त्याईच्याकडं. मी नेसत होती तवा दोन वर्षं रोज ते पातळ त्याईनं आरशात पाह्यलं होतं, वळखलं नसन कसं? मी वाट पाहून राहिली का आता हा माणूस माह्यावर फुटन. बावीस वर्षाचं सारं निघन.

त्याईनं मूठ बंद केली अन् ते खिशात घातलं.

"काय झालं बाबा?" कुलदीप जवळ आला. पेचकस गेला तिथं त्यानं बोट घातलं, बोट आरपार गेलं. "एवढं मोठं? अन् तुमाले दिसलं नाही?"

"नजर कमी झाली माही," नत्थुभाऊ म्हणाले. "तू म्हणे ते खरं होतं."

अन् खुटीवरची चाबी काढून त्याईनं पोराच्या हातात देली. बोललेलं पाळलं. मी भेंडीची पिशवी ओट्यावर ठेवली अन् चोरावाणी निघून आली.

घरी आली त भाकर तव्यावरच जळू देली. मी काही भित्री बाई नाही, बाजारात पोलिसाशीही भांडली हाये. पण या माणसानं मले वाचवलं अन् सोतः बुडाला. त्याचा मले राग आला. लय राग आला. विचारलं होतं का म्या, मले वाचवा म्हणून?

दुसऱ्या दिवशी टोपल्या घरीच ठेवल्या अन् डोक्यावर गोधडी घेऊन निघाली. ते हिरवं पातळ जुनं झाल्यावर म्या या गोधडीत घातलं होतं, चांगले दोन हात. पुरावा म्हणजे पुरावा. रस्त्यात लीलाबाईनं विचारलं, "काहून वो, आज गोधडी विकून राहिली का?" म्या म्हटलं, "हाव, तुले पाह्यजे का?"

नत्थुभाऊच्या घरी पिशव्या भरून दारात ठेवल्या होत्या. कुलदीपनं अकोल्याच्या भंगारवाल्याले फोन केलता, तो दुपारी येणार होता. नत्थुभाऊ खाटेवर, अंगात धुतलेला सदरा, पाहुण्यावाणी बसलेले. आपल्याच घरात माणूस पाहुण्यावाणी बसलेला पाहवत नाही हो.

म्या गोधडी धाडकन जीपीच्या बॉनेटवर टाकली.

"कुलदीप, ते भोक तुह्या बापाले दिसलं नाही कारण ते म्या बुजवलं," म्या म्हटलं. "पाच वर्षांआधी. माह्या पायाले वारा लागे म्हणून. हे पाय माहे, हे पातळ माहं. बाकीचा तुकडा याईच्या खिशात हाये."

"काकू, काय बोलून राहिली तू?"

"तू चूप बस, गंगूबाई," नत्थुभाऊ खाटेवरून म्हणाले.

"मी चूप बसू? बावीस वर्षं एका थेंबासाठी माहं डोस्कं खाल्लं, अन् एवढं मोठं भोक पडलं त तोंड शिवलं? खोटं बोलता पोराजवळ? काढा ते खिशातून!"

नत्थुभाऊ काही काढेनात, त म्याच जाऊन त्याईच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. धुतलेला सदरा, पण चिंधी त्याच्यातही आणून ठेवली होती. गोधडीवर ठेवली. ठिपक्याले ठिपका जुळला. लहान पोराले कळन असं.

कुलदीप कधी चिंधीकडं पाहे, कधी बापाकडं. "बाबा, तुमी सांगितलं काहून नाही?"

नत्थुभाऊ गुडघ्यावर हात चोळू लागले. मंग म्हणाले, "काय सांगू? तिनं बुजवलं, पण मोजायचं काम माहं होतं. भोकं चौदा. तुही माय गेली त्या सालात म्या मोजले नाही. दुसऱ्या सालात मोजले त बारा भरले. म्या मनाले म्हटलं, बाराच असतीन. चौदा होते हे तुह्या मायले पाठ होतं. मी चुकलो का ती कॅन उतरवता उतरवता ओरडे." त्याईनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "अन् दुसरं. मी रोज हिच्या टोपलीचं बूड पाह्यलं. ही पदरात पाय गुंडाळून बसे, ते रोज आरशात दिसे. वारा कुठून येते हे एकदाही विचारलं नाही. त मंग चूक कोणाची?"

मले वाटलं होतं मी तिथं भांडायले आली. पण म्या पदर तोंडात घातला अन् रडली. मोठ्यानं रडली. कुलदीप जीपीच्या मडगार्डले टेकून उभा होता.

"त्या सालात तुमच्यावर काय गुजरलं ते म्याही नाही मोजलं, बाबा," तो म्हणाला. मंग त्यानं खिशातून चाबी काढली, पण देली नाही. "एका अटीवर. रोज रात्री मले फोन करायचा. अन् आखाजीले मी येईन. तुमी खाली, मी वर. मोजायचं मी."

"चौदा," नत्थुभाऊ म्हणाले.

"चौदा," कुलदीप म्हणाला अन् चाबी बापाच्या हातावर ठेवली.

भंगारवाल्याले मीच फोन लावायले सांगितला, अन् मीच बोलली. तो म्हणाला, "बाई, मी अर्ध्या रस्त्यात हाये." म्या म्हटलं, "मंग दुसऱ्या अर्ध्या रस्त्यानं वापस जा."

पासिंगले मधात तीनच दिवस होते. दर्यापूरच्या जानराव वेल्डरनं सडका पत्रा कापून फेकला, त्याच्या खालचा आडवा लोखंडी पाट बदलला, नवीन जाड पत्रा जोडला. नत्थुभाऊ त्याच्या डोक्यावर उभे. जानरावनं मले सांगितलं, "मावशी, या बुढ्याले घरी ने नाहीत मी दुकान सोडून जातो." गुरुवारी अमरावतीले तपासणाऱ्या साहेबानं हातोडी घेतली अन् बुडभर ठोकलं. कुलदीप संगं गेलता, त्यानंच फोनवर मले तो आवाज ऐकवला. ठण. ठण. ठण. मी बाजारात सांबाराच्या जुड्या बांधून राहिली होती. गिऱ्हाईक विचारे, बाई काहून हासून राहिली. काय सांगू त्याले.

शुक्रवारी पहाटे मी हापशीकडं गेली नाही. मळ्यात गेली. आमच्या मळ्यातली विहीर नाल्याच्या काठाले हाये, म्हणून तिचं तेवढं पाणी गोडं. हे मले बावीस वर्षं माहीत होतं. पण मळा अर्धा कोस, अन् हापशी दारात. आळस, दुसरं काय! म्या दोन घागरी भरून आणल्या, भाजीवर शिंपडलं अन् फाट्यावर गेली.

जीप उभी होती. मी माह्या कोपऱ्यात वाकून पाह्यलं. नवीन पत्र्याले दोन भोकं होतेच, त्याच जागी. पण खालून त्याईनं जुन्या ट्यूबचे दोन तुकडे लावले होते, तोंड मागं वळवलेले. पाणी खाली जाईन, धूळ अन् वारा वर येणार नाही. हात लावून पाह्यलं. काहीच येत नव्हतं.

नत्थुभाऊ उतरले. "गंगूबाई, पाणी" म्हणाले नाही. टोपलीच्या बुडावरून बोट फिरवलं, जिभेले लावलं. तोंड वाकडं झालं नाही. परत एकदा लावलं.

"विहिरीचं?"

"हाव."

"मळ्यातून डोक्यावर आणलं?"

"मंग काय उडत आलं?"

त्याईनं माह्या पायाकडं पाह्यलं. चपलेले अर्धा किलो काळा चिखल, घोट्यापर्यंत. टोपल्या चढवल्या, गाडी सुरू केली. दर्यापूरचा नाका आला तवा आरशात पाहून म्हणाले, "उद्यापासून फाट्यावर येऊ नको. मळ्यातच थांबत जा. भाजी तिथंच भिजव. मी तिथं येतो."

"श्रावण हाये, नत्थुभाऊ. मळ्यापर्यंत निस्ता चिखल. तुमची नवरी बुडापर्यंत भरन."

"भरू दे," ते म्हणाले. "चार चाकं कशाले ओढते मंग? काढतो मी चिखल. पऱ्हाटीची काय कमी हाये आपल्याकडं?"

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर घागर भरून राहिली होती, अन् बांधाच्या पलीकडून जीपीचा आवाज आला. हळूहळू, खालच्या गेरात, काळ्या चिखलातून.